फेटा मामांचाच आहे!

1888 साली जॉर्ज ईस्टमन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने कोडॅक कॅमेरा बाजारात आणला आणि जाहीर केलं, की तुम्ही फक्त बटण दाबा, बाकीचं आम्ही बघतो. ‘बाकीचं आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या माणसाची मला धास्तीच वाटते. लग्नातला आचारी हेच म्हणतो आणि दुसऱ्या पंगतीला मठ्ठा संपतो.

स्वयंचलित कॅमेऱ्याशी माझं भांडण लागलं ते खुटबावच्या मामांमुळे. 1984 च्या मे महिन्यात मित्राचा कॅमेरा उसना घेऊन मी पुण्याहून दौंडची गाडी पकडली. यवत गेलं, की खुटबाव. पांढरा फेटा, पांढरा सदरा, पांढरं धोतर अशा थाटात मामा चुना दिलेल्या भिंतीपुढे उभे राहिले. चेहरा मूळचाच उन्हाने रापलेला. मी बटण दाबलं. बाकीचं कॅमेऱ्याने बघितलं.

फोटोत फेट्याची घडी न् घडी मोजून घ्यावी. खाली मात्र अमावास्या. मामी बराच वेळ निरखून म्हणाल्या, “फेटा ह्यांचाच हाय.”

स्टुडिओवाल्याला बोलण्यात अर्थ नव्हता. निगेटिव्हवरच चेहऱ्याच्या जागी कोरी फिल्म होती. कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाची ठाम समजूत असते, की समोरचं जग सरासरीने करडं आहे आणि अंगावर पडलेल्या उजेडापैकी 18 टक्के परत फेकतं. एवढं पांढरं बघून तो दचकला आणि त्याने उजेड तोडला. फोटो मामांचा आहे, धोतराचा नाही, हे त्याला कोण सांगणार? सांगायची सोयच नव्हती.

मामा तेव्हा दारं धरत होते. मी बांधावर बसून त्यांना शास्त्र समजावलं. छिद्राचे आकडे 2.8, 4, 5.6, 8, 11, 16 असे चढतात आणि छिद्र मात्र बारीक होत जातं. (सरकारी कचेरीत हुद्दा चढेल तसं साहेबाचं दर्शन दुर्मिळ, तसंच.) दर पायरीला उजेड निम्मा. 100 एएसएची फिल्म आणि कडक ऊन असेल, तर छिद्र 16 वर आणि शटर सेकंदाचा सव्वाशेवा भाग. छिद्र 8 वर आणलंत, तर शटर पाचशेवा भाग. उजेड तेवढाच.

मामा खोऱ्याने माती ओढत म्हणाले, “आरं भाच्या, पानी तेवढंच, पर उसाला अन् कांद्याच्या रोपाला एकच दारं न्हाई चालत. रोप वाहून जातंय.”

याहून नेमकं मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही. पाचशेव्या भागात धावती एक्स्प्रेस जागच्या जागी थांबते, पण मागचं देऊळ धूसर होतं. सव्वाशेव्या भागात देऊळ स्वच्छ येतं, पण एक्स्प्रेस फरफटते. आता देऊळ हवं की गाडी, हे ठरवायचं कुणी? ज्याचं शेत, त्याने. पाटकऱ्यावर सोपवू नये.

विरोधक म्हणतात, हाताने फिरवत बसलात तर क्षण निघून जातो. कबूल. भाचीच्या लग्नात माझे आकडे जुळेस्तोवर अक्षता पडून वऱ्हाड पंगतीला बसलं होतं. पण पुढच्या लग्नात मी आकडे आधीच लावून उभा होतो. आपली चूक आपल्याला शहाणं करते. यंत्राची चूक कुणालाच करत नाही. पेंटॅक्स के 1000 हा कॅमेरा 1976 पासून 1997 पर्यंत बनत राहिला, तो उगाच नव्हे. त्याची बॅटरी फक्त मापकापुरती. ती संपली तरी शटर चालतं आणि मालकाची अक्कलही.

तसला एक मी सेकंडहँड घेतला. मापक फेट्यावर नाही, चेहऱ्यावर धरायचा, हेही शिकलो. पुढच्या उन्हाळ्यात खुटबावला जाणार होतो. मामा दिवाळीतच गेले.

मामींनी तोच फोटो भिंतीवर लावला. दुसरा नव्हताच.

हल्लीचे फोन चेहरा आपोआप ओळखतात म्हणे. ओळखू देत. त्या फेट्याखाली कोण आहे, हे मामी गेल्यापासून फक्त मला ओळखता येतं.