किलोमीटरचे पैसे दिले, चालकाच्या पगाराचं काय?

९ मे २०२५ पासून बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं, वातानुकूलित बसचं ६ वरून १२. कुर्ला, जरीमरी, साकीनाका भागातून रोज दोन बस बदलून कामावर जाणाऱ्यांना हा हिशेब तोंडपाठ आहे. मला दुसरा एक हिशेब सुटत नाही. हे पैसे जातात कुठे, आणि गाडी चालवणाऱ्याच्या हातात काय पडतं?

२०१९ नंतर बेस्टमध्ये ‘वेट लीज’च्या बस झपाट्याने वाढल्या. बस कंत्राटदाराची, देखभाल त्याची, चालकही त्याचाच. तिकिटाचे पैसे बेस्टच्या गल्ल्यात जमा होतात आणि बेस्ट कंत्राटदाराला धावलेल्या किलोमीटरमागे ठरलेला दर देते. दर ठरतो निविदेतून, आणि निविदा मिळते कमी दर भरणाऱ्याला. आता टायर स्वस्तात मिळत नाही, कर्जाचा हप्ता थांबत नाही. दर परवडेनासा झाला की कात्री लावायला एकच जागा उरते, ती म्हणजे माणसाचा पगार.

हे मी कल्पनेने सांगत नाही. २ ऑगस्ट २०२३ ला घाटकोपर आणि मुलुंड आगारांतल्या कंत्राटी चालकांनी काम बंद केलं, आणि बघता बघता संप इतर आगारांतही पोहोचला. पगारवाढ हवी होती, समान काम तर समान वेतन हवं होतं. शिवाय बेस्टमधून मोफत प्रवासही मागितला होता. दिवसभर लोकांची ने-आण करणाऱ्याला ही मागणी करावी लागते! कंत्राटदारांचंही भलं झालं असं दिसत नाही. २०२२ मध्ये एकाने आणि २०२४ मध्ये आणखी एकाने मिनी बस बंद केल्या. उभे राहिले ते थांब्यावरचे प्रवासी.

मग ९ डिसेंबर २०२४ ची रात्र आली. कुर्ल्याहून अंधेरीला निघालेली ३३२ क्रमांकाची बस एस. जी. बर्वे मार्गावर गर्दीत घुसली आणि माणसं मेली. तीही वेट लीजचीच होती. दोष कोणाचा, ते न्यायालय ठरवील. पण त्यानंतर चालकाचं प्रशिक्षण किती झालं होतं, असा प्रश्न शहरभर विचारला गेला, आणि प्रशिक्षणालाही पैसा लागतो. किलोमीटरच्या दरात त्याची वेगळी ओळ कुठे असते, ती कोण तपासतं?

मजुराचा घाम सुकायच्या आत त्याची मजुरी द्या, ही शिकवण आपण जुम्याच्या बयानात लहानपणापासून ऐकतो. ऐकताना डोळ्यांपुढे आपल्या कारखान्यातला कारागीर येतो, फार तर घरकाम करणारी बाई. रोज आपल्याला कामावर पोहोचवणारा चालक येत नाही, कारण त्याचा मालक कोण हेच आपल्याला ठाऊक नसतं. मालक आणि मजूर यांच्यात तिसरा माणूस आला म्हणून आपली जबाबदारी संपली, असं मला वाटत नाही.

कायद्यालाही तसं वाटलं नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात स्पष्ट होतं की कंत्राटदाराने वेतन दिलं नाही तर ते मूळ मालकाने द्यावं आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावं. नव्या कामगार संहितेतही ही जबाबदारी कायम आहे. यावर उत्तर मिळतं की आम्ही माणसं घेत नाही, सेवा विकत घेतो. बेस्ट तोट्यात आहे, हेही ऐकवलं जातं, आणि ते खरंच आहे. पण तोटा भरून काढायचा कोणाच्या खिशातून? प्रवाशाचं भाडं तर दुप्पट झालंच आहे.

म्हणून माझं म्हणणं सगळी कंत्राटं उद्याच रद्द करा, असं नाही. पगार आणि प्रशिक्षणाचा खर्च निविदेत वेगळा दाखवा, आणि त्यावर कमी बोलीची चढाओढ नको. दर महिन्याला कंत्राटदाराचं बिल मंजूर होण्याआधी मागच्या महिन्याचा पगार चालकांच्या खात्यात जमा झाल्याचा बँकेचा कागद आणि भविष्य निर्वाह निधीचं चलन जोडलेलं असलं पाहिजे. प्रत्येक आगारात फलक लावा : या बससाठी किलोमीटरमागे इतके रुपये दिले जातात, चालकाचं ठरलेलं वेतन इतकं. घाटकोपर आणि मुलुंडपासून सुरुवात करायला हरकत नाही, संप तिथूनच सुरू झाला होता.