मदत चोवीस तासांची, मदतनीस मात्र एकटाच

एप्रिल २०२१च्या अखेरच्या आठवड्यात देशभरातील रुग्णालयांबाहेर रांगा लागल्या होत्या, तेव्हा दुसरी एक रांग मोबाइलच्या पडद्यावर लागली होती. प्राणवायूचे सिलिंडर, रेमडेसिवीर, प्लाझ्मा किंवा अतिदक्षता विभागातील खाट यांपैकी काहीतरी तातडीने हवे असलेली माणसे ट्विटरवर आणि व्हॉट्सॲपवर रुग्णाचे वय, प्राणवायूची पातळी आणि नातेवाइकाचा क्रमांक टाकून वाट पाहत होती. त्यांना उत्तर देणारे कोणत्याही सरकारी खात्याचे कर्मचारी नव्हते. महाविद्यालयीन विद्यार्थी, घरून काम करणारे अभियंते, गृहिणी, पत्रकार अशी ती मंडळी होती. पुरवठादारांना एकामागून एक दूरध्वनी करायचे, साठा आहे का एवढेच विचारायचे आणि मिळालेले उत्तर वेळेच्या नोंदीसह पुढे पाठवायचे, हे त्यांचे काम. ऐकायला साधे वाटते. परंतु दिवसभर कार्यालयाचे काम, घरचा स्वयंपाक, शेजारच्या खोलीत विलगीकरणात असलेले आई किंवा वडील आणि रात्री दोन वाजता वाजणारा फोन, या साऱ्यांत ते करायचे होते.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका दिवसातील नव्या रुग्णांची संख्या चार लाखांच्या वर गेली. त्या दिवसांत या स्वयंसेवकांचे कौतुक पुष्कळ झाले. त्यांनी झोपायचे कधी, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

वास्तविक हा प्रश्न जुना आहे आणि त्याचे एक चांगले उत्तर मुंबईतच शोधले गेले होते. २६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात त्सुनामी आली. त्याच दिवशी पीटर ग्रिफिन, रोहित गुप्ता आणि दिना मेहता या तिघा मुंबईकरांनी एक ब्लॉग सुरू केला. कोठे कोणती संस्था काम करते आहे, मदत कोठे पाठवायची, बेपत्ता व्यक्तींची चौकशी कोठे करायची, याची माहिती एकत्र आणणे हा त्याचा हेतू होता. पाहता पाहता जगभरचे लोक त्यात सामील झाले. बेपत्तांसाठी वेगळी, देणगीसाठी वेगळी अशा पोटशाखा निघाल्या. या ब्लॉगच्या यशाची चर्चा त्या वेळी तंत्रज्ञानाचा चमत्कार म्हणून झाली. ती अपुरी होती. खरे मर्म हे, की एका ब्लॉगच्या किल्ल्या अनेकांच्या हाती दिल्या गेल्या. मुंबईत रात्र होई तेव्हा अमेरिकेत कामाचा दिवस चालू असे. एकाने संगणक बंद केला म्हणून काम थांबत नव्हते. वाचकालाही एखादी नोंद कोणी केली याच्याशी कर्तव्य नव्हते. त्याला माहिती हवी होती.

हीच घडी पुढे मुंबईच्या कामी आली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या वेळचा ‘मुंबई हेल्प’ हा ब्लॉग ११ जुलै २००६ च्या लोकलमधील बॉम्बस्फोटांनंतर पुन्हा जागा झाला. शहरातले फोन लागेनात, तेव्हा परगावच्या नातेवाइकांनी तेथे नावे आणि क्रमांक टाकून ‘एवढे विचारून सांगा’ अशी विनंती केली, आणि अनोळखी माणसांनी ते विचारून सांगितले. या कथेला एक विचित्र जोडकथा आहे. स्फोटांनंतर दोन-तीन दिवसांतच केंद्राने काही मोजकी संकेतस्थळे रोखण्याचा आदेश काढला आणि इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांनी सुतासाठी अख्खा ताका कापावा तसे ब्लॉगस्पॉटचे संपूर्ण ठिकाणच काही दिवस बंद केले. मदतीचा ब्लॉगही त्यातच होता.

आपल्या देशाबाहेरही अनुभव फारसा वेगळा नाही. केनियात डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला, थेट प्रक्षेपणावर बंदी आली आणि ओरी ओकोलो या वकील असलेल्या ब्लॉगलेखिकेकडे ठिकठिकाणच्या बातम्यांचा लोंढा येऊ लागला. एकट्या व्यक्तीने त्या पडताळणे आणि प्रसिद्ध करणे अशक्य होते. धमक्याही येत होत्या. अखेर त्या जोहान्सबर्गला परतल्या आणि या घटना नकाशावर नोंदवता येतील असे काही कोणी उभारील का, असे त्यांनी ब्लॉगवरूनच विचारले. काही दिवसांत ‘उशाहिदी’ उभे राहिले. स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थ साक्ष. एका व्यक्तीच्या डोक्यावरचे ओझे उतरवून ते अनेकांत वाटण्याच्या गरजेतून हे साधन जन्मले, ही बाब त्याच्या तांत्रिक कौतुकात हरवून जाते.

दोन वर्षांनी, १२ जानेवारी २०१० रोजी, हैती भूकंपाने हादरले. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी त्याच साधनावर संकटाचा नकाशा तयार करायला घेतला. ४६३६ या क्रमांकावर येणारे क्रेओल भाषेतील लघुसंदेश परदेशी स्थायिक झालेले हैतीचे लोक भाषांतरित करून देत. परीक्षा, वर्ग, नोकऱ्या सांभाळून हे आठवडेच्या आठवडे चालले. पुढल्या संकटात पुन्हा अशी धावपळ नको, म्हणून त्याच वर्षी ‘स्टँडबाय टास्क फोर्स’ हे आधीच प्रशिक्षण घेऊन तयार असलेल्या स्वयंसेवकांचे जाळे बांधण्यात आले. कोण भाषांतर करील, कोण पडताळणी करील, कोण नकाशावर खुणा करील, याची विभागणी आपत्ती येण्यापूर्वीच ठरलेली असावी, हा त्यामागचा विचार.

भारतातही हा विचार अधूनमधून डोकावला. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली तेव्हा निवारा, अन्न आणि बचावाची माहिती एका सामाईक संकेतस्थळावर आली. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळ सरकारने स्वयंसेवी अभियंत्यांच्या साह्याने बचावासाठीचे संकेतस्थळ चालवले. तेथे आलेली हाक थेट जिल्हा यंत्रणेच्या नोंदीत जात होती.

मग २०२१ मध्ये गाडी पुन्हा एकेकट्या माणसापाशी का आली? एक कारण संकटाच्या स्वरूपात आहे. पूर एका प्रदेशात येतो आणि बाकीचा देश मदतीला मोकळा असतो. दुसऱ्या लाटेत मदत करणारा आणि मागणारा एकाच घरात होते. दुसरे कारण माध्यमात आहे. ब्लॉग अनेकांना मिळून चालवता येत असे. ट्विटरवरचे खाते बहुधा एका चेहऱ्याचे असते. ज्याने दोन खाटा मिळवून दिल्या त्याच्याकडे पुढच्या तासात दोनशे विनंत्या येतात, कारण माध्यम त्याचेच नाव पुढे करते. आपण उत्तर दिले नाही आणि रुग्ण दगावला तर, हा विचार मग जेवणाच्या ताटावरही पाठ सोडत नाही. घरच्यांना समोर बसलेले माणूस दिसते, पण ते घरात नसते.

त्यातही स्त्रियांच्या वाट्याला अधिकचे आले. मदतीसाठी जाहीर केलेल्या मोबाइल क्रमांकांवर अश्लील संदेश आणि नकोसे कॉल येत असल्याच्या तक्रारी त्या काळात अनेक शहरांतून झाल्या. क्रमांक एकदा पसरला की परत घेता येत नाही. लाट ओसरल्यानंतर कित्येक महिन्यांनीही जुने संदेश फिरत राहिले आणि त्यांवरचे फोन वाजत राहिले.

ही केवळ स्वयंसेवकांच्या सोयीची बाब असती, तर वृत्तपत्राने तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु थकलेल्या माणसाच्या हातून पडताळणी सुटते. सकाळी सहाला खरी असलेली माहिती दुपारी खोटी ठरते. सिलिंडर संपलेला असतो, खाट भरलेली असते. ‘पडताळले’ असा शिक्का मारून तीच ओळ पुढे जात राहते आणि रुग्णाचा मुलगा पंधरा बंद क्रमांक फिरवण्यात तास घालवतो. त्या काळात हे सर्रास घडत होते. स्वयंसेवकाची झोप आणि रुग्णाचा वेळ यांचा संबंध इतका थेट आहे.

मुंबई महापालिकेचा अनुभव येथे तुलनेसाठी उपयोगी आहे. २०२० मध्येच पालिकेने खाटांचे वाटप २४ विभागांतील वॉर रूमकडे सोपवले. तेथे डॉक्टर आणि दूरध्वनी घेणारे कर्मचारी पाळ्यांमध्ये बसत. एकाची पाळी संपली की दुसरा खुर्चीवर येई आणि यादी तीच राहत असे. कर्मचाऱ्यांवर ताण नव्हता असे कोणी म्हणणार नाही, पण घरी जाण्याची वेळ ठरलेली होती. समाजमाध्यमावरील स्वयंसेवकाला अशी पाळी नसते, कारण त्याला कोणी नेमलेलेच नसते.

नेमलेले नसणे ही त्याची ताकद आहे, तशीच अडचणही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेचा पुढे विस्तार झाला आणि ३५० आपत्तीप्रवण जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्यांना साहित्याचा संच आणि विम्याचे संरक्षण आहे. ते योग्यच आहे. पुराच्या पाण्यात उतरणाऱ्याची जोखीम पडद्यासमोर बसणाऱ्याहून मोठी. मात्र पडद्यासमोरच्या स्वयंसेवकाची कोठे गणतीच नाही. उलट आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ नुसार आपत्तीबाबत खोटी घबराट पसरवल्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. प्राणवायू संपल्याचे जाहीरपणे लिहिणाऱ्याला तिची धास्ती वाटली तर नवल नाही. ३० एप्रिल २०२१ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाला, समाजमाध्यमांवर गाऱ्हाणी मांडणाऱ्या नागरिकांवर कारवाई केल्यास तो न्यायालयाचा अवमान मानला जाईल, अशी ताकीद द्यावी लागली, यातच परिस्थिती कळते.

आता तर माध्यमाचीही खात्री देता येत नाही. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात भूकंप झाला, त्याच आठवड्यात ट्विटरने आपल्या माहितीसाठ्यात बाहेरच्या संगणकप्रणालींना मिळणारा मोफत प्रवेश बंद करण्याचे ठरवले होते. ढिगाऱ्याखालून आलेल्या हाका त्याच प्रवेशाच्या आधारे गोळा करणाऱ्या तरुण तंत्रज्ञांनी कंपनीला विनवण्या केल्या. पुढे तुर्कस्तान सरकारने काही तास ट्विटरच रोखले. मुंबईच्या २००६ च्या अनुभवाची आठवण व्हावी असाच हा प्रकार. जुलै २०२३ पासून ट्विटरचे नावही ‘एक्स’ झाले.

आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस महासंघ आपल्या स्वयंसेवकांच्या मानसिक आरोग्याकडे लक्ष देण्यासाठी फार पूर्वीपासून मार्गदर्शिका काढत आला आहे. पाळीची मर्यादा, दोघांनी मिळून काम करणे, काम संपल्यावर त्याविषयी बोलण्याची सोय, असे त्यांतले उपाय अगदी साधे आहेत. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही समुपदेशनाची दूरध्वनी सेवा २०१२ पासून आहे. तिच्याकडे पीडित माणूस वळतो. पीडितांना मदत करणाऱ्याला मात्र आपणही तेथे फोन करू शकतो हे बहुधा सुचत नाही.

महाराष्ट्रात दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आपत्ती निवारणाच्या आढावा बैठका होतात. नालेसफाई, पंप, होड्या आणि नियंत्रण कक्षाचे क्रमांक यांचा तेथे हिशेब मांडला जातो. संकटात समाजमाध्यमांवर येणाऱ्या हाका कोणी गोळा करायच्या, त्यासाठी वैयक्तिक मोबाइलऐवजी सामाईक क्रमांक कोणता, आठ तासांनी यादी कोणाच्या हाती द्यायची आणि जुनी नोंद कोणी पुसायची, एवढे चार प्रश्न त्या टिपणीत घालायला फारसा खर्च येणार नाही. मुंबईतल्या तिघांनी २००४ च्या डिसेंबरात सरकारी टिपणीची वाट न पाहता किल्ल्या वाटून दिल्या होत्या.