राज्यांच्या सीमा पुसल्या, चालकाचे काय?

अमेरिकेतील मालवाहतुकीविषयी भारतात जे बोलले जाते, त्यात तेथील रुंद रस्त्यांचे कौतुक अधिक आणि त्या रस्त्यांवर चालणाऱ्या कायद्याचा विचार कमी असतो. तो कायदा समजून घ्यायचा तर एक साधा व्यवहार तपासणे पुरेसे आहे. समजा, ओहायोतील एका चालकाने टेक्सासमधील डॅलस येथे लांब ट्रेलर ओढणारा जड ट्रक विकत घेतला आणि तो स्वतःच चालवत घरी न्यायचे ठरवले. वाटेत आर्कान्सा, टेनेसी आणि केंटकी ही राज्ये लागतात. अंतर सुमारे १,००० मैल. हा प्रवास कायदेशीर होण्यासाठी काय लागते?

प्रथम चालकाचा परवाना. १९८६ च्या कायद्याने २६,००० पौंडांहून, म्हणजे सुमारे १२ टनांहून जड व्यापारी वाहनांसाठी देशभर एकसारखा परवाना ठरवला आणि १ एप्रिल १९९२ पासून तो सक्तीचा झाला. त्याशिवाय खरेदीपत्र, विमा आणि तात्पुरता नोंदणी क्रमांक जवळ हवा. कायम नोंदणी झालेली नसल्याने वाटेतील राज्यांचे एका फेरीपुरते परवाने काढावे लागतात. इंधनकराचे खाते नसेल तर त्यासाठीही वेगळा परवाना लागतो. केंटकीसारखी काही राज्ये जड वाहनांवर वजन आणि अंतर यांच्या हिशेबाने आणखी एक कर घेतात. ट्रक रिकामा नेला तर सर्वसाधारणपणे काम सोपे असते. त्यात भाड्याचा माल भरला की नियम अधिक कडक होतात. भाड्याने आंतरराज्य वाहतूक करावयाची तर साध्या मालासाठीही किमान ७,५०,००० डॉलरचे दायित्व-विमासंरक्षण हवे, असे १९८० च्या कायद्याने ठरवले.

ही यादी लांबलचक वाटेल. पण घरी पोहोचल्यावरची व्यवस्था मात्र पाहण्यासारखी आहे. पूर्वी एकाच ट्रकला अनेक राज्यांच्या पाट्या मिरवाव्या लागत. १९७३ पासून अमलात आलेल्या नोंदणी-करारामुळे मालक फक्त आपल्या राज्यात शुल्क भरतो आणि ट्रक ज्या राज्यांत जितके मैल धावला त्या प्रमाणात ते शुल्क राज्याराज्यांत वाटले जाते. इंधनकरासाठी असाच करार १९८३ मध्ये आयोवा, अॅरिझोना आणि वॉशिंग्टन या तीन राज्यांनी सुरू केला. १९९१ च्या केंद्रीय कायद्याने इतर राज्यांना १९९६ पर्यंतची मुदत देऊन या व्यवस्थेत आणले. आज सलग भूमीवरील सर्व ४८ राज्ये आणि कॅनडाचे प्रांत त्यात सहभागी आहेत. बाजारपेठेच्या स्वातंत्र्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही एकसंध बाजारपेठ आपोआप निर्माण झालेली नाही. सार्वजनिक करार, सार्वजनिक हिशेब आणि केंद्राची सक्ती यांतून ती उभी राहिली.

ज्या शासनसंस्थेने ट्रकचा मैल आणि मैल मोजला, तिने चालकाचा प्रत्येक तास मात्र मोजला नाही. १९३८ च्या केंद्रीय वेतन कायद्याने आठवड्याच्या ४० तासांनंतरच्या कामाला दीडपट वेतन दिले. आंतरराज्य ट्रकचालकांना त्यातून वगळले. आज मालवाहू ट्रकचालकाला विश्रांतीनंतर जास्तीत जास्त ११ तास वाहन चालवता येते. ही मर्यादा अपघात टाळण्यासाठी आहे, वेतनासाठी नव्हे. अनेकांना मोबदला मैलामागे मिळतो. गोदामाच्या दारात माल उतरण्याची वाट पाहण्यात गेलेले तास मग बहुधा बिनमोली ठरतात.

मालकीचा प्रश्न येथेच उभा राहतो. १९३५ च्या कायद्याने या धंद्यात प्रवेश आणि भाडेदर यांवर सरकारी नियंत्रण आणले होते. १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने ते बव्हंशी उठले. त्यानंतर संघटित चालकांचा वाटा झपाट्याने घसरला. १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने ‘स्वतंत्र कंत्राटदारा’ला संघटना करून सामुदायिक वाटाघाटी करण्याच्या संरक्षणातून आधीच वगळले होते. ज्याच्यापाशी ट्रक विकत घेण्याइतका पैसा नाही, अशा चालकाला वाहतूक कंपनीच भाडेखरेदीने ट्रक देते, माल तीच देते आणि हप्ता त्याच्या कमाईतून तीच कापून घेते. काम कंपनीच्या मर्जीवर, डिझेल आणि दुरुस्ती मात्र ‘मालका’च्या माथी. काम तुटले की ट्रकही जातो आणि भरलेले हप्तेही.

चालकाने हे स्वेच्छेने पत्करले आहे, असा युक्तिवाद केला जातो. स्वतःच्या ट्रकवर खरोखर समाधानाने जगणारे चालक आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु भाडे ठरवण्याचा आणि दुसऱ्याकडून माल घेण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याला मालक म्हणणे हा शब्दांचा खेळ होय. २०१९ मध्ये न्यू प्राइम कंपनीच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा वाहतूक कंत्राटदारांनाही केंद्रीय कायद्याचा आधार घेऊन सक्तीच्या खासगी लवादाकडे ढकलता येणार नाही, असा एकमुखी निर्णय दिला. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यानुसार नेमलेल्या अभ्यासगटाने २०२५ च्या प्रारंभी या भाडेखरेदी योजनांवर बंदी घालण्याची शिफारस केली.

भारतातील कार्यकर्त्यांना हे चित्र परके वाटू नये. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे नाके उठले. मालाची वाट मोकळी झाली, हे चांगलेच झाले. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती; मात्र पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांपुरतीच. पुढे तो कायदा २०२० च्या श्रमसंहितेत सामावला गेला. तरी हप्त्यावर एकच ट्रक घेतलेला चालक कायद्याच्या लेखी कामगार नाहीच. या देशातील ट्रकधंद्याचा मोठा भाग अशाच लहान मालकांच्या खांद्यावर उभा आहे.

म्हणून वाहतूक कामगारांच्या चळवळीने ‘मालक’ या शब्दापाशी थांबता कामा नये. हप्ता भरणाऱ्या चालकाला संघटनेत स्थान, माल चढवण्या-उतरवण्यासाठी खोळंबलेल्या तासांचे वेतन आणि काम देणाऱ्यानेच कर्ज देण्यास मनाई, या तीन मागण्या अमेरिकेत जितक्या न्याय्य आहेत तितक्याच येथेही आहेत. राज्याराज्यांतील मैलांचा चोख हिशेब ठेवता येतो, हे सिद्ध झाले आहे. तेव्हा माणसाच्या तासांचा हिशेब ठेवता येत नाही, ही सबब यापुढे चालू देऊ नये.