पेठेचे मैदान आणि विधानसभेची वाट

कोल्हापूर उत्तर मतदारसंघाच्या राजकारणाची चर्चा पक्षांतरे आणि घराणी यांच्याभोवतीच फिरत राहते. या चर्चेत शाहू स्टेडियमचा उल्लेख क्वचितच होतो. वास्तविक २०१९ मध्ये येथून काँग्रेसच्या उमेदवारीवर विजयी झालेले चंद्रकांत जाधव हे उमेदीच्या काळात फुटबॉलपटू होते. पुढे ते उद्योजक झाले. पण फुटबॉलशी असलेले नाते त्यांनी तोडले नाही. त्यांनी सलग दोन वेळा आमदार राहिलेले शिवसेनेचे राजेश क्षीरसागर यांचा सुमारे पंधरा हजार मतांनी पराभव केला. या यशात राजकीय समीकरणांचा वाटा होताच; परंतु पेठापेठांतील जुन्या ओळखीही त्यांच्या कामी आल्या.

या ओळखींचे मोल समजण्यासाठी कोल्हापूरच्या तालमी समजून घ्याव्या लागतात. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कुस्तीसाठी नावारूपाला आलेल्या तालमींनी पुढे फुटबॉल संघ उभे केले. मंगळवार पेठेचे पाटाकडील, शिवाजी पेठेचे शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा ही नावे केवळ संघांची नाहीत. गणेशोत्सव, रक्तदान, महापुराच्या काळातील मदत आणि निवडणुकीतील बूथ या साऱ्या ठिकाणी तेच कार्यकर्ते दिसतात. पक्षाला जे संघटन उभारायला वर्षे लागतात, ते तालमीत आयतेच असते. मैदानावरून आलेल्या उमेदवाराला म्हणूनच वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

हे केवळ कोल्हापुरातच घडते असे नाही. आयर्लंडमध्ये हर्लिंगचे क्लब गावागावांतील चर्चच्या परिसराशी बांधलेले असतात. कॉर्कचा नामांकित हर्लिंगपटू जॅक लिंच १९६६ मध्ये त्या देशाचा पंतप्रधान झाला. फरक इतकाच, की तेथील क्लब १८८४ मध्ये स्थापन झालेल्या एका देशव्यापी संघटनेच्या शिस्तीत वाढले. नेते आले आणि गेले, तरी संघटना टिकून राहिली.

आपल्याकडे नेमकी येथेच उणीव आहे. नेत्यांचा पैसा चषक, बक्षिसे आणि परदेशी खेळाडूंच्या मानधनात जातो. कारण त्याचे फळ एकाच हंगामात दिसते. लहान मुलांचे प्रशिक्षण आणि सरावाची मैदाने यांना फलकावर जागा नसते. समर्थकांच्या हाणामाऱ्यांमुळे सामने थांबवावे लागतात, तेव्हा आपल्याच पेठेला खडे बोल सुनावण्याची हिंमत मते मागणाऱ्याला होत नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. पण तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. फुटबॉलचे माहेरघर म्हणवणाऱ्या शहराने याचा विचार करायला हवा.

चंद्रकांत जाधव यांना आमदार म्हणून जेमतेम दोन वर्षे मिळाली आणि त्यांतील बराच काळ करोनाने व्यापला. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. एप्रिल २०२२ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी जयश्री जाधव काँग्रेसकडून विजयी झाल्या. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी त्यांनी शिंदे यांच्या शिवसेनेत प्रवेश केला आणि त्याच पक्षाचे क्षीरसागर पुन्हा आमदार झाले. पाच वर्षांत राजकारणाचे चक्र पूर्ण फिरले. मैदानाचे प्रश्न मात्र होते तेथेच राहिले.

याचा दोष एका व्यक्तीला देणे अन्यायाचे ठरेल. खेळाडू आमदार झाला म्हणजे खेळाचे भले होईल, ही अपेक्षाच अपुरी आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, महापालिका आणि तालमी यांनी मिळून वयोगटनिहाय प्रशिक्षण, सरावासाठी आणखी मैदाने आणि गैरवर्तनाबद्दल संघालाच जबाबदार धरणारे नियम ठरवले, तर लोकप्रतिनिधी कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्याकडे नेमके काय मागायचे हे स्पष्ट होईल. मते मागायला येणाऱ्याकडून तालमींनी यापुढे चषकाऐवजी मैदान मागितले पाहिजे.