बघण्यासारखं काही नाही

माणसं दोन प्रकारची असतात. सहलीचा कार्यक्रम आखणारी आणि त्या कार्यक्रमात मुकाट्यानं बसणारी. मी जन्मानं दुसऱ्या प्रकारचा. आमचे मेहुणे पहिल्या प्रकारचे. त्यांनी एका रविवारी आम्हां चौदा जणांना टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसवून 'शिरूर-दौंड एकदिवसीय धार्मिक व ऐतिहासिक दर्शन' घडवलं. कागदावर वेळा मिनिटांत लिहिल्या होत्या. रांजणगाव, ८.१० ते ८.३५. छत्तिसाव्या मिनिटाला महागणपतीनं स्वतः उठून आम्हांला गाडीपर्यंत पोचवायला यावं, एवढंच काय ते लिहायचं राहिलं होतं.

माझी तक्रार घाईबद्दल नाही. घाई हा आता आपला राष्ट्रीय धर्मच झाला आहे. माझी तक्रार आहे ती त्या कागदावर जे नव्हतं त्याबद्दल.

'धार्मिक व ऐतिहासिक' अशी दुहेरी प्रतिज्ञा करून घराबाहेर पडलेल्या माणसाला या दोन तालुक्यांत काय कमी आहे? शिरूर म्हणजे जुनं घोडनदी, इंग्रजांच्या फौजेची छावणी. तिथंच एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. दौंड तर रेल्वेनंच मोठं केलेलं गाव. इंजिनांबरोबर अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आले, गार्ड आले आणि त्यांच्यामागून त्यांचा रविवारही आला. पण कागदावर तीन गणपती-दत्त, दोन चहा, एक मिसळ. चर्च एकही नाही. मी भीतभीत विचारलं.

"भावोजी, तिथं बघण्यासारखं काही नाही."

"तुम्ही पाहिलंत का?"

"छे! बघण्यासारखं काही नाही म्हणूनच तर पाहिलं नाही."

या तर्कशास्त्राविरुद्ध हा लेख आहे.

याची चुणूक कोरेगाव भीमालाच मिळाली. १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री शिरूरहून निघालेली फौज सकाळी इथं पोचली आणि दिवसभर लढली. वाटेत तिनं चहा घेतल्याची नोंद नाही. आम्ही वाघोलीपर्यंतच एकदा घेतला होता. जयस्तंभ जवळ आला तसं मी म्हटलं, थांबू या. १९२७ साली बाबासाहेब आंबेडकर इथं आले होते. गाडीत जी शांतता पसरली तिचा अर्थ मला पाठ आहे. 'ते आपल्यातलं नाही' हे वाक्य सुशिक्षित माणूस मोठ्यानं बोलत नाही. तो घड्याळाकडं बघतो.

शिरूरला पाऊण तासाचा मुक्काम होता, मिसळीसाठी. धार्मिक व ऐतिहासिक शिरूर म्हणजे मिसळ! आमच्या हिला मिसळीनं पित्त होतं, त्यामुळे तिला फितवणं सोपं गेलं. दोघं रिक्षात बसून निघालो ते कर्नल वॉलेसच्या कबरीवर.

हा विल्यम वॉलेस १८०३ साली असईला वेलस्लीच्या हाताखाली लढला. म्हणजे मराठ्यांच्या विरुद्धच. १८०९ साली तो शिरूरला वारला. इथपर्यंत गोष्टीत काही विशेष नाही. असे साहेब हिंदुस्थानभर पुरले आहेत. विशेष पुढं आहे. शिरूरच्या लोकांनी त्याला 'सत्पुरुष' ठरवलं. लोक त्याच्या कबरीची पूजा करत, सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य आणत. हे मी सांगत नाही, १८८५ साली छापलेलं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर सांगतं. त्यात एक तळटीपेसारखी मेख आहे : ब्राह्मण आणि मारवाडी सोडून गावातले सगळे हिंदू हे करत. म्हणजे लिहिणारे आणि मोजणारे वगळून सगळे. आज गाडीत बसून 'बघण्यासारखं काही नाही' म्हणणारे आपण कुणाचे वारस, ते निराळं सांगायला नको.

ही हकीगत मी गाडीत सांगितली तेव्हा मेहुणे उसळले. "ही तर गुलामगिरी झाली!" मी म्हणतो, अजिबात नाही. गुलाम जिवंत साहेबापुढं वाकतो. जिवंत साहेब बढती देतो, मुलाला चिकटवतो. मेल्यावर पंचाहत्तर वर्षांनी साहेबाकडून काय मिळणार? त्याच्यापुढं पहिल्या कणसाचे दाणे ठेवणाऱ्या कुणब्याला काय दिसलं असेल ते त्याचं त्याला ठाऊक. पण त्यानं माणूस चांगला आहे एवढंच पाहिलं. जात, धर्म, पलटण विचारली नाही. आपल्याला मात्र देव पाहण्याआधी त्याचा दाखला लागतो.

न्हावऱ्यावरून चौफुल्याला आलो. तिथं लावणीची थिएटरं आहेत हे कळताच मागच्या बाकावरच्या तिघांना एकदम लोककलेबद्दल आस्था वाटू लागली. तिथं काय बघण्यासारखं आहे, असं एकानंही विचारलं नाही.

मग केडगाव. इथं नारायण महाराजांच्या बेटातलं दत्तमंदिर कागदावर होतं. त्याच गावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, त्यात मोठं चर्च आहे. ते कागदावर नव्हतं.

"ख्रिस्ती झाल्या ना त्या!" मेहुणे म्हणाले.

झाल्या. १८८३ साली, इंग्लंडमध्ये. पण त्याआधी १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांचं संस्कृत ऐकून त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं होतं. आमच्या गाडीत अथर्वशीर्ष पुस्तक न उघडता म्हणणारा एकजण निघाला नाही, आणि आम्ही बाईंची इयत्ता तपासत होतो! १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस पोरींना केडगावला घेऊन आल्या. त्या पोरींची भूक कुठल्या धर्माची होती? पुढं बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणलं. ते तिथल्याच छापखान्यात बायकांनी खिळे जुळवून छापलं. ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या. मराठी बाईनं मराठीत केलेलं एवढं काम 'आपल्यातलं' नसेल, तर आपल्यातलं म्हणजे नक्की काय? फक्त मिसळ?

त्यांच्या धर्मांतरावरून पुण्यात तेव्हा रण माजलं होतं. वाद घालायचा तर आजही खुशाल घाला. पण भांडायलासुद्धा समोरच्याचं घर ठाऊक असावं लागतं. फाटकाशी विचारून, परवानगी घेऊन आत जावं. तिथं माणसं राहतात, ते प्रदर्शन नव्हे. आम्ही फाटकाशीही गेलो नाही. कागदाप्रमाणे दौंडला चहाची वेळ झाली होती.

खरं सांगू? आपल्याला चर्चचा विरोध नसतो, धसका असतो. आत जाऊन करायचं काय? नारळ फोडायचा नाही, प्रदक्षिणा नाही, तीर्थ नाही. चपला काढाव्यात की ठेवाव्यात हेही माहीत नाही. तिथं फक्त गप्प बसायचं असतं, आणि नेमकं तेच आपल्याला जमत नाही. म्हणून मग 'बघण्यासारखं काही नाही.'

मेहुणे माणूस वाईट नाही. दौंडला माझ्या चहाचे पैसे त्यांनीच दिले. भीमा ओलांडून सिद्धटेकला पोचलो तेव्हा कागदावर ४.१० वाजले होते आणि आकाशात सात. अहिल्याबाईंनी बांधलेल्या त्या देवळात दर्शन झाल्यावर मेहुण्यांनी रांजणगावचा प्रसाद वाटायला काढला. मोजून चौदा पेढे होते, तेरा निघाले.

"एक कुठं गेला?"

"मी घेतला, दादा," ही म्हणाली. "शिरूरला त्या सत्पुरुषापुढं ठेवला. रिकाम्या हातानं कसं जायचं?"

मेहुणे बराच वेळ हातातल्या पुड्याकडं पाहत राहिले. मग स्वतःच्या वाटणीचा पेढा त्यांनी पोरांत वाटून टाकला. मला वाटलं, आता गुलामगिरीवर व्याख्यान होणार. पण परतीच्या वाटेवर त्यांनी खिशातून पुढच्या वर्षीचा कागद काढला आणि गाडीच्या दिव्याखाली 'शिरूर : मिसळ' या ओळीपुढं काहीतरी लिहिलं. मी मान वाकडी करून वाचलं.

'व सत्पुरुष (१० मिनिटं).'