केअरगिव्हर म्हणे!

गेल्या रविवारी पुन्हा तोच फॉर्म भरला. रुग्णाशी नाते: मुलगा. भूमिका: केअरगिव्हर. दुसरा पर्यायच नव्हता.

तर मंडळी, आज कोडबिड काही नाही. आज जरा भांडायचंय.

माझ्या आईला स्किझोफ्रेनिया आहे. मी दुसरीत होतो तेव्हापासून. (हे वाक्य असं सरळ लिहायला सत्तावीस वर्षं लागली. असो.) दुधात कुणीतरी विष घालतंय असं तिला वाटायचं, म्हणून रोज सकाळी मी आधी दोन घोट पिऊन दाखवायचो. मग पाच मिनिटं दोघंही घड्याळाकडे बघत बसायचो. मला काही झालं नाही की ती प्यायची. खाली शाळेची रिक्षा हॉर्न मारत असायची. आता मला सांगा, मी केअरगिव्हर कधी झालो? नोकरी लागल्यावर?

पुण्यात नातेवाइकांसाठी काहीच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. डॉ. जगन्नाथ वाणींनी १९९७ साली इथे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. २००४ साली 'देवराई' आला, तेव्हा आमच्या घरात या आजाराचं नाव पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं गेलं. पण त्या सिनेमातही बहीण भावाला सांभाळते. आई किंवा वडीलच आजारी असले तर मुलांचं काय होतं, हे मला सापडलं ते जेरी पिंटोंच्या २०१२ च्या कादंबरीत, शांता गोखल्यांच्या मराठी अनुवादातून. मुंबईतलं गोवन कुटुंब, पण घर आमचंच!

मी गेलो होतो अशा नातेवाइकांच्या एका बैठकीला (कुठल्या ते राहू दे). वीसेक माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. सगळ्यांचा प्रश्न एकच: आमच्या पश्चात याचं काय? जीवघेणा प्रश्न आहे, नाही म्हणत नाही. पण माझा प्रश्न उलटा आहे. हे माझ्यात उतरलं तर? एरवी शंभरात साधारण एकाला होणारा हा आजार, आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलांमध्ये शंभरात दहाच्या आसपास जातो. म्हणजे नव्वदांना होत नाही. गणित येतं हो मला. पण रात्री दोनला झोप उडाली की मी त्या दहांतलाच असतो.

आणि राग. तो कुठे ठेवायचा? त्या बैठकीत मी एकदा म्हटलं, "मला आईचा राग येतो." खोली गप्प. शेजारच्या काकूंनी हातावर हात ठेवला, "अरे, आजार आहे तो. किती गुणी आहेस तू, टाकलं नाहीस तिला." काकू वाईट नव्हत्या. पण त्या स्वतः कुणाची तरी आई होत्या. त्यांच्यासमोर मी मुलाची बाजू काय मांडणार? दुसऱ्या वाक्याला मी बसलो.

गुणी! हा आमचा श्रावणबाळ. कावडीतले आई-बाप आंधळे होते, पण कावड कोण वाहतंय हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या आईने एकदा तीन महिने मला शेजाऱ्यांचा हेर मानलं होतं.

बरं, कायदा बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातली केअरगिव्हरची व्याख्या म्हणजे रुग्णासोबत राहून त्याची काळजी घेणारी व्यक्ती. मग जी मुलगी बारावीनंतर हॉस्टेलला पळाली ती परत आलीच नाही, ती कोण? तिला तर या शब्दातही जागा नाही. तिच्या छातीतली धडधड मात्र प्रत्येक घरच्या फोनला तशीच.

दारू पिणाऱ्यांच्या घरातल्या मुलांसाठी अमेरिकेत १९५७ साली अलाटीन सुरू झालं. पालकांचं वेगळं, मुलांचं वेगळं. म्हणजे ही कल्पना काही रॉकेट सायन्स नाही.

कुणी म्हणेल, काउन्सेलर आहेत की. आहेत, मी जातो, पैसेही देतो. २०२२ पासून सरकारची टेली-मानस आहे, १४४१६ फिरवा, रात्रीबेरात्री माणूस भेटतो. जरूर फिरवा. पण ते मला समजून घेतात. मला समजून घ्यायला न लागणारा माणूस हवा होता!

तो पार्किंगमध्ये भेटला. त्याच बैठकीतून माझ्यासारखाच मध्ये उठून आलेला. त्याचे वडील गल्लीतल्या स्कूटरचे नंबर वहीत उतरवायचे, पाळत ठेवणाऱ्यांचे म्हणून, आणि हा गॅलरीत उभा राहून वाचून दाखवायचा. मी दुधाचं सांगितलं. त्याने विचारलं, "साय काढून की सायीसकट?" आम्ही दोघं असे हसलो की वॉचमन बघायला आला. हा विनोद काकूंसमोर करून दाखवा!

त्या दिवशी टपरीवर दोन तास गेले. आता चौघं आहोत, एक शनिवार सोडून भेटतो. गोळ्या चालू आहेत का, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. सल्ला द्यायचा झाला तर आधी चहाचे पैसे द्यायचे (यात माझेच सगळ्यात जास्त गेलेत). चौथी आहे ती आईशी सहा वर्षं बोललेली नाही. पहिल्या दिवशी तिने खुर्ची ओढायच्या आधीच तेवढं सांगून टाकलं आणि आमच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. कुणीतरी विचारलं, साखर किती?