पाठलाग म्हणजे अधिकार नव्हे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कायोटी या नावाचा एक वन्य प्राणी आढळतो. आपल्या कोल्ह्याचा तो सख्खा भाऊ नव्हे, पण चुलतभाऊ खास. अंगाने कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून लहान, वजनाने साधारण नऊ ते वीस किलो. मेक्सिकोच्या प्राचीन नावात्ल भाषेतून त्याचे नाव आले, आणि तेथील मूळ रहिवाशांच्या कथांत त्याने जी धूर्ताची भूमिका वठविली, तीच आपल्या पंचतंत्रात करटक आणि दमनक यांनी वठविली आहे. या प्राण्यामागे शिकारी कुत्र्यांची टोळी सोडून त्याला मारणे हा तेथील ग्रामीण भागांतील एक लोकप्रिय खेळ आहे. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे गेल्या दोन पिढ्यांत त्या देशात स्थायिक झाली. त्यांची मुले टेक्सास, कॅन्सस अशा संस्थानांत वाढतात, शेजाऱ्यांच्या मोटारींतून रानात जातात आणि एक दिवस विचारतात : हा खेळ आपण शिकावयाचा, तर आरंभ कोठून करावा?

या प्रश्नास तेथील जाणते जे उत्तर देतात ते प्रथम नीट ऐकून घेतले पाहिजे. प्रतिपक्षाचे म्हणणे समजून न घेता त्यावर तुटून पडणे वकिलीतही शोभत नाही. नवख्याने एकदम दहा कुत्री घेऊ नयेत, एखादा मुरलेला कुत्रा मिळवावा, कारण पिल्लू माणसाकडून शिकत नाही, ते जाणत्या कुत्र्याकडून शिकते. निदान एक हंगाम अनुभवी माणसाबरोबर हिंडावे. कुत्र्याला हरणाच्या मागे न धावण्याची शिस्त लावावी. त्याच्या गळ्यात उपग्रहाद्वारे ठावठिकाणा सांगणारा पट्टा बांधावा. शिकारीच्या पद्धती दोन. पहिलीत वास काढणारी कुत्री माग घेत कोसकोस धावतात; शिकारी मोटारीत बसून पट्ट्याचा संकेत पाहत पुढचा रस्ता अडवितात आणि कायोटी रस्ता ओलांडू लागला की बंदूक झाडतात. दुसरी पद्धत सपाट माळरानातील. तिच्यात ग्रेहाउंड वंशाची, नजरेने धावणारी कुत्री मोटारीवरच्या पेटाऱ्यात बंद असतात. जनावर दृष्टीस पडताच दार उघडते, आणि पुढचा सारा निकाल बहुधा काही मिनिटांत दातांनी लागतो.

हा उपदेश व्यवहारदृष्ट्या चोख आहे. परंतु तो सर्वस्वी साधनांचा उपदेश आहे. कुत्रा कोणता, पट्टा कोणता, मोटार कोणती, हे त्यात आहे. हे करावे कशासाठी, एवढेच त्यात नाही. तो प्रश्न विचारला की तीन बचाव पुढे येतात : उपद्रवाचा, परंपरेचा आणि कायद्याचा. तिन्ही आम्ही क्रमाने तपासणार आहोत.

पहिला बचाव उपद्रवाचा. कायोटी कोकरे मारतो हे खरे आहे, आणि मेंढपाळाचे नुकसान ज्याला क्षुद्र वाटते त्याने कधी मेंढरू पाळलेले नाही. आपल्या वाड्यात शिरून कोकरू उचलणाऱ्या जनावरावर जो मेंढपाळ गोळी झाडतो, त्याच्याविरुद्ध आमची फिर्याद नाही. आमचा प्रश्न इतकाच, की कुत्र्यांची टोळी ज्याला गाठते तो अपराधी कायोटी असतो काय? टोळी पुरावा पाहत नाही, ज्याचा माग ताजा त्याच्यामागे ती धावते. कायोटीची जोडी आपापला मुलूख राखून असते. मेंढरांना न शिवणारी जोडी मारली, तर रिकाम्या मुलखात कोण येईल आणि ते कसे वागेल, याची हमी कोणता शिकारी देतो?

शिवाय हा उपाय करून पाहिलेला आहे, आणि थोडाथोडका नव्हे. १९३१ साली अमेरिकेच्या काँग्रेसने हिंस्र प्राण्यांच्या बंदोबस्तासाठी कायदाच केला. सापळे, बंदुका, विषे, पुढे विमाने, सर्व काही वापरले गेले. संघराज्याच्या जमिनींवर या कामी विष वापरण्यास अध्यक्ष निक्सन यांनी १९७२ साली मनाई केली, तोवर विषप्रयोग दशकानुदशके चालला होता. फळ काय मिळाले? जो प्राणी एके काळी मुख्यतः पश्चिमेकडील माळरानांचा रहिवासी होता, तो आज हवाई सोडून त्या देशाच्या प्रत्येक संस्थानात आहे. शिकागोसारख्या महानगरातही तो नांदतो. लांडगा मारून संपविला, तेव्हा त्याची रिकामी जागा यानेच घेतली. कॅलिफोर्निया विद्यापीठातील दोन अभ्यासकांनी १९७५ साली गणित मांडून दाखविले, की दरवर्षी सुमारे सत्तर टक्के कायोटी मारले तरी त्यांची संख्या तग धरू शकते. कारण माणूस जितके मारतो, तितके उरलेल्यांना अन्न व जागा अधिक मिळते, आणि एरवी ज्या माद्या व्यायल्या नसत्या त्याही वितात. शनिवार-रविवारी दोन-चार जनावरे मारणाऱ्या हौशी मंडळींनी देशसेवेचा आव आणावा, हे या हिशेबात बसत नाही.

आणि एक पुरावा तर प्रतिपक्षाच्याच घरातला आहे. कुत्र्यांना सराव मिळावा म्हणून कुंपण घातलेल्या आवारांत जिवंत कायोटी सोडण्याची चाल तेथे आहे. ते सापळ्यात धरून, पैसे देऊन विकत आणले जातात. फ्लॉरिडा संस्थानाने २०१० साली असल्या आवारांवर बंदी घातली, ती उगाच नव्हे. ज्याला उंदीर नकोसे झाले आहेत तो बाजारातून उंदीर विकत आणीत नाही. जेथे उपद्रवी म्हणविला जाणारा प्राणी पैसे मोजून मिळवावा लागतो, तेथे उपद्रवाचा बचाव निकालात निघालाच म्हणावयाचा.

मेंढपाळाला खरे साहाय्य करणारा कुत्रा निराळा आहे. ग्रेट पिरनीज, अनातोलियन यांसारखे राखणदार कुत्रे अमेरिकेतील मेंढपाळ १९७० च्या दशकापासून वाढत्या प्रमाणावर पाळू लागले. हा कुत्रा पिल्लू असल्यापासून मेंढरांत वाढतो, त्यांनाच आपले गणगोत मानतो आणि कायोटीला वाड्याजवळ फिरकू देत नाही. आपल्या माणदेशातील धनगराला यात नवे काही वाटणार नाही.

दुसरा बचाव परंपरेचा. ही परंपरा विलायतेतून आली. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी आपल्या माउंट व्हर्नन येथील जमिनीवर शिकारी कुत्री बाळगली होती आणि ते खोकडाची शिकार करीत. १९०५ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ओक्लाहोमाच्या माळावर कुत्र्यांमागे घोडा फेकीत गेले. परंतु ज्या घराण्याची ही चाल, त्या घराण्यानेच ती मोडली आहे. इंग्लंड आणि वेल्स येथे कुत्र्यांकरवी रानटी सस्तन प्राण्यांची शिकार करण्यावर २००४ च्या कायद्याने बंदी आली व ती १८ फेब्रुवारी २००५ पासून अमलात आली. शिकारी पक्ष थेट हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायासनापर्यंत गेला आणि २००५ व २००७ या दोन्ही साली हरला. तेच इंग्रज आपल्याकडे असता निलगिरीच्या पठारांवर विलायती कुत्री घेऊन कोल्ह्यांमागे दौडत. आज आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, तो कोल्हा पहिल्या अनुसूचीत संरक्षित आहे.

येथे कोणी विचारील, आपल्या परंपरेत शिकार नव्हती काय? होती, आणि ती नाकारण्याचा दांभिकपणा आम्ही करणार नाही. आपले राजे मृगयेला जात. पांडवांच्या मृगयेत कुत्रा होता, एकलव्याने बाणांनी ज्याचे तोंड बंद केले तो तोच. मुधोळच्या घोरपड्यांनी नावारूपाला आणलेला सडपातळ, वेगवान कुत्रा आजही बेळगाव-विजापूर भागाचे भूषण आहे, आणि तो शिकारीसाठीच वाढविला गेला. परंतु आपल्या शास्त्रकारांनी मृगयेला मांडले कोठे? मनूने कामातून उपजणारी दहा व्यसने सांगितली, त्यांत पहिले नाव मृगयेचे आहे. आणि त्या दहांतून अत्यंत घातक अशी चार निवडली, त्यांतही ती आहेच. हा उपदेश कोणा विरक्ताला केलेला नाही, तो राजाला केलेला आहे. ज्याच्यापाशी शस्त्र, सत्ता आणि रिकामा वेळ होता त्याला. पंडू राजाने समागमात रमलेल्या मृगावर बाण टाकला आणि त्याचे फळ जन्मभर भोगले. त्या कथेचे मर्म असे, की क्षत्रियाच्या बाणालाही वेळ-अवेळ असते. आता कायोटीचा समागमाचा काळ जानेवारी ते मार्च, आणि पिल्ले होतात एप्रिल-मेच्या सुमारास. अमेरिकेच्या अनेक संस्थानांत त्याच्या शिकारीला बंद हंगामच नाही. हरणाला, बदकाला, ससाण्यासारख्या पक्ष्यालाही जे मिळते ते याला नाही. वेळ-अवेळच न पाळणाऱ्या खेळाने परंपरेचे नाव घ्यावे, हे कोणत्याही परंपरेला लांच्छनास्पद आहे.

तिसरा बचाव कायद्याचा : शासन परवाना देते, मग तुम्ही कोण विचारणार? हा बचाव आमच्या धंद्याच्या प्रांतातला असल्याने त्याची उलटतपासणी अधिक बारकाईने करावी लागेल. अमेरिकेतील कायद्याच्या विद्यार्थ्याला मालमत्तेच्या विषयात बहुधा आरंभीच शिकविला जाणारा एक खटला आहे, पियर्सन विरुद्ध पोस्ट. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने तो १८०५ साली निकालात काढला. पोस्ट नावाचा गृहस्थ आपली कुत्री घेऊन एका ओसाड, मालक नसलेल्या जमिनीवर खोकडामागे लागला होता. त्याच्या डोळ्यांदेखत पियर्सनने मध्येच येऊन ते जनावर मारले आणि उचलून नेले. पोस्टचे म्हणणे, मी पाठलाग करीत होतो, म्हणून जनावर माझे. खालच्या न्यायालयाने ते मानले, वरच्याने फेटाळले. नुसत्या पाठलागाने वन्य प्राण्यावर मालकी उत्पन्न होत नाही, असा बहुमताचा निर्णय झाला. एका न्यायमूर्तींनी भिन्नमत दिले आणि त्यात खोकडाच्या उपद्रवाचाच आधार घेतला. म्हणजे उपद्रवाची ढाल दोनशे वर्षांपूर्वीही पुढे झाली होती आणि तेव्हाही ती टिकली नाही.

या निवाड्यातील आणखी एक गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. पियर्सनचे वर्तन शिष्टाचाराला सोडून असेल, तथापि त्यामुळे दाव्याला कारण घडत नाही, अशा आशयाचे न्यायालयाने म्हटले. कायदेशीर आणि उचित हे दोन शब्द समानार्थी नाहीत, हे न्यायासनानेच मान्य केले, ते असे. कायदा ही वर्तनाची खालची मर्यादा आहे. तीवर कसेबसे पाय टेकून उभे राहणाऱ्याने आपण शिखर गाठले असे समजू नये.

आणखी असे, की पोस्टचा खोकड ज्या ओसाड जमिनीवर धावत होता, तशी जमीन आता कोठे उरली आहे? प्रत्येक शेताला, प्रत्येक जंगलाच्या तुकड्याला मालक आहे, आणि कुत्र्याला मनाईची पाटी वाचता येत नाही. मालक कोस-दोन कोस दूर मोटारीत बसलेला, आणि त्याची टोळी परक्याच्या अंगणात, त्याच्या गुराढोरांत, त्याच्या पाळीव कुत्र्यावर. व्हर्माँट संस्थानात हाच कलह पेटला, आणि २०२२ साली तेथील विधिमंडळाने या शिकारीसाठी परवान्याची अट घातली व मनाई असलेल्या जमिनीवर मालकाच्या संमतीविना कुत्रा सोडण्यास बंदी केली. कायोटी मारण्याच्या बक्षिसी शर्यतींवर कॅलिफोर्नियाने २०१४ साली, व्हर्माँटने २०१८ साली, न्यू मेक्सिकोने २०१९ साली बंदी घातली. इतर संस्थाने त्यांच्या मागोमाग गेली. परवान्याच्या आश्रयाला जाणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे, की परवाना देणारा हातच तो परत घेत असतो, आणि घेण्याचे कारण बहुधा परवानेवाल्यानेच पुरविलेले असते.

आता दोन शब्द आपल्या वाचकांशी. देवळाच्या सभामंडपात हा विषय निघाला की काही सज्जन म्हणतात, आम्ही शाकाहारी, आमचा याच्याशी संबंध काय? आणि दुसरे म्हणतात, मुले परदेशी गेली, तेथील रिवाज त्यांनी पाळावेत. पहिल्यांना आमचे सांगणे, की ताटात मांस नसणे म्हणजे विचार करण्यापासून सुटका नव्हे. शिवाय कोकण व घाटमाथ्यावर रानडुकरामागे कुत्री सोडणे आपल्याला अगदीच अपरिचित नाही. दुसऱ्यांना आमचे सांगणे, की तेथील रिवाज एक नाही. शिकारीचा रिवाज तेथे आहे, तसा तिला आळा घालण्याचाही आहे. दोन्ही तेथल्याच नागरिकांनी, तेथल्याच विधिमंडळांत घडविले. त्यांतला कोणता उचलावयाचा हे आपल्या मुलांनी ठरवावयाचे आहे, आणि त्या निवडीत त्यांना साहाय्य करणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे.

आपण दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्री पाहून हात जोडतो. स्वर्गाच्या दारी कुत्र्याला सोडून आत जाण्यास धर्मराजाने नकार दिला, ही कथा मुलांना सांगतो. त्याच मुलांनी एका जनावराच्या अंगावर चार जनावरे घालून, त्यांपैकी एकाचे फाटलेले अंग आणि दुसऱ्याचा अंत हा रविवारचा विरंगुळा मानावा, हे त्या कथेशी जुळत नाही. कुत्र्याचा वेग, नाक आणि निष्ठा ही त्याची संपत्ती आहे. ती कोणत्या कामी लावावयाची याची जबाबदारी मात्र सर्वस्वी माणसाची.

तेव्हा आरंभ कोठून करावा, या प्रश्नास आमचे उत्तर असे. ज्याला रान आवडते त्याने आधी माग वाचावयास शिकावे. कायोटीचा पाय कुत्र्याच्या पायाहून कसा निराळा उमटतो, जोडीचा मुलूख कोठे संपतो, पिल्ले कधी बाहेर पडतात, हे पाहावे. ज्याला कुत्र्याचा लळा आहे त्याने एखाद्या मेंढपाळाला राखणदार पिल्लू वाढविण्यास हात द्यावा. ज्याला आपल्या संस्थानाचा कायदा ठाऊक नाही त्याने तो वाचावा, आणि जेथे तो अपुरा वाटेल तेथे आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहावे. नागरिकत्व मिळविले आहे ते याचसाठी. एवढे करूनही ज्याला टोळी सोडण्याची हौस उरेल, त्याने निदान उपद्रवाचे, परंपरेचे आणि कायद्याचे नाव घेऊ नये. मला मौज वाटते म्हणून मी हे करतो, एवढे एकच खरे वाक्य उच्चारावे आणि ते आपल्या मुलांसमोर उच्चारून पाहावे.